रविवारचं लाल, मंगळवारचं लाल

अप्पांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि त्यांचा एक प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांना अजून पाठ आहे. वेस्ट मांबलमच्या भाजीबाजारात टक्कल पडलेली माणसं त्यांना थांबवतात आणि तो म्हणून दाखवतात: फड्या निवडुंग आणि घूस यांची तुलना करा. पुस्तकात निवडुंग आणि उंट अशी तुलना होती. अप्पांचं म्हणणं असं, की मद्रासच्या पोरांनी उंट कुठे पाहिलाय? निवडुंग आणि घूस मात्र प्रत्येकाने पाहिलेली असते. पाच फरक, पाच साम्यं. फरक सगळे लिहायचे. साम्यं लिहिताना मुलं रडकुंडीला यायची.

आमच्या घरामागे ही दोन्ही होती. तळमजल्याचा फ्लॅट, मागे कपडे धुण्याचा दगड, त्यापुढे कुंपणाच्या भिंतीपर्यंत चार पावलांची जागा, आणि त्या जागेत अप्पांच्या सिमेंटच्या सहा कुंड्या. तंजावरकडच्या कुठल्याशा शेताच्या बांधावरून त्यांनी एक पान तोडून आणलं होतं, त्याचा हा सगळा विस्तार. पान म्हटलं की अप्पा चिडतात. ते खोड आहे, पानं म्हणजे ते काटे. तमिळमध्ये त्याला चप्पातिकळ्ळी म्हणतात, चपातीसारखं चपटं असतं म्हणून. आणि कुंड्यांच्या खाली घूस. मांजराएवढी, डुकरासारखी गुरगुरणारी, चिडली की पाठीवरचे राठ केस उभे करणारी. अप्पा तिला तमिळ नावाने पेरुचाळी म्हणायचे आणि संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून तिची वाट पाहायचे.

मला मात्र तिच्यासोबत संसार रेटावा लागत होता. तिने मोरीची जाळी उचकटली, वॉशिंग मशीनची वायर कुरतडली, आणि एका सकाळी मी कंपनीची बस पकडायच्या गडबडीत असताना ती गॅसच्या ओट्याखालून निघून माझ्या पायावरून गेली. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करते, बस पहाटेच येते, आणि त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी ओरडले, की आजच माणूस बोलावून सगळ्या कुंड्या उचलून टाकते, निवडुंग गेलं की घूसही जाईल.

अप्पा त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "मग मजही उचलून टाक."

मी म्हटलं, "तेही करीन एक दिवस."

एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे बोलले मी. मी तापट आहे हे मला कोणी सांगायला नको, पण हे तापटपणाच्याही पलीकडचं होतं. तोंडातून गेलं आणि मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी आणखीच फणकाऱ्याने बसला गेले. त्यानंतर तीन आठवडे आम्ही कामापुरतं बोलत होतो. जेवण वाढलंय. गोळी घेतली. दार लावून घ्या. माफी मागायची तर आधी कोणी, यावर आम्ही दोघंही अडून बसलो होतो, आणि अडून बसण्यात मी त्यांचीच मुलगी आहे.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. उंदीर-घुशीसाठी विष ठेवलं, की ते तोंडाने बोलायचं नाही. उंदीरमामा ऐकतो, म्हणतात. ऐकलं की विषाला शिवत नाही. तमिळ शेजाऱ्यांतही हेच मानतात. पण आमची आई नुसती गप्प बसत नसे. स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकवलेल्या फडक्याला ती एक गाठ मारून ठेवायची. फडक्याला गाठ दिसली की घरातल्या सगळ्यांनी समजायचं, आज खाली पडलेलं काही उचलायचं नाही, उघडं काही खायचं नाही. आई जाऊन आठ वर्षं झाली. मी पदवीधर बाई, या सगळ्याला हसणारी, तरी गप्प बसण्याची अर्धी रीत माझ्या अंगात मुरली होती. गाठीची अर्धी रीत मी विसरले.

विषाच्या वड्या मी आणल्या. घुशीने त्यांना तोंड लावलं नाही. भातात कुस्करल्या, तरी नाही. नवीन वस्तू दिसली की ती आठ-आठ दिवस लांबून पाहते, हे मला अप्पांनीच कधीतरी सांगितलं होतं. मग माझ्या लक्षात आलं, की निवडुंगाची पिकलेली फळं ती रोज खाते. शनिवारी संध्याकाळी अप्पा देवळात गेले तेव्हा मी एक फळ चिमट्याने तोडलं. जांभळट लाल, बाहेरून बारीक कुसळांचे झुपके. ती घासून काढली, मधोमध चीर दिली. या फळाच्या आत, वरच्या टोकाशी, चांदणीसारखा एक काटा असतो, तो काढल्याशिवाय कुणी खाऊ शकत नाही. मी तो काढला. त्या खळग्यात सुपारीएवढा वडीचा चुरा भरला. चुराही लालसरच होता, बियांमध्ये मिसळून गेला. फळ परत मिटलं आणि धुण्याच्या दगडाशेजारच्या कठड्यावर ठेवलं, कारण घूस त्याच वाटेने यायची. सकाळी अप्पा उठायच्या आत उचलायचं असं ठरवलं होतं. पण दुसरा दिवस रविवार होता, बस नव्हती, आणि मी झोपून राहिले.

मला जाग आली ती अप्पांच्या हाकेने. बाथरूममधून बोलावत होते, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्या आवाजात.

"येकी इकडे! पाहाकी, कसा रंग आलाय!"

मी धावले. पांढऱ्या भांड्यात लघवी गुलाबी, जवळजवळ लाल. अप्पा पायजम्याची नाडी बांधत हसत होते. जीभ लाल, ओठांच्या कडा लाल.

"घाबरू नक्को," ते म्हणाले. "चप्पातिकळ्ळीचं फळ खाल्लों. त्यातला रंग असाच उतरतो, बीटाचा उतरतो तसा. वर्गात सांगत होतों मी, कधी दाखवायला मिळालं नाही."

"कुठलं फळ?"

त्यांनी हनुवटीने मागच्या दाराकडे खूण केली. कठड्यावर काही नव्हतं.

तोंड उघडून सांगायचं, अप्पा, त्यात विष होतं. चार शब्द. पण समोर ते हसत होते, इतक्या दिवसांनी माझ्याशी हसत होते, आणि मी म्हटलं ते असं: "लाल लघवी म्हणजे काहीही असू शकतं. चला, दाखवून येऊ."

"कळ्ळीचा रंग आहे मणून सांगतोंय ना."

"तुम्ही डॉक्टर नाही."

आश्चर्य म्हणजे ते तयार झाले. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस धुतलेलं धोतर नेसून तयार! मला वाटलं, विष डोक्यात तर गेलं नाही?

शेजारच्या रस्त्यावर छोटं हॉस्पिटल आहे. नर्स अप्पांचं रक्त घेत होती आणि ते तिला निवडुंगाच्या रंगाबद्दल तमिळमध्ये शिकवत होते, तेवढ्यात मी डॉक्टर बाईंना बाहेर व्हरांड्यात गाठलं. तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. मी वडीचं पाकीट बरोबर आणलं होतं, पदरात लपवून. ते पुढे केलं आणि सगळं सांगितलं. विष मी ठेवलं हेही.

त्यांनी पाकीट उलटसुलट करून वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, की हे विष रक्त गोठू देत नाही. पण त्याचा परिणाम लगेच होत नाही, दोन दिवस जातात. आजची तपासणी चांगलीच येईल आणि तिला काही अर्थ नाही. खरी तपासणी अठ्ठेचाळीस तासांनी, मंगळवारी सकाळी. आज दिसतंय ते लाल निवडुंगाचं आहे. उद्या ते जाईल. मंगळवारी पुन्हा लाल दिसलं, तर ते घुशीच्या औषधाचं.

"तोवर काही द्यायचं नाही?"

"आताच औषध दिलं तर तपासणीत काही कळणार नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात ना ते? ती बंद. दाढीला ब्लेड नको. पडायला नको. हिरड्या पाहत राहा. कुठेही रक्त आलं की तडक इकडे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती खाल्लं?"

"एक फळ. अख्खं असणार."

"त्यांना सांगितलंत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंगळवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. त्यांचं शरीर आहे, त्यांना कळायला हवं."

घरी आल्यावर मी गोळ्यांची पट्टी लपवली, ब्लेडचं पाकीट कपाटावर टाकलं, न्हाणीघरात पायपुसणी अंथरली. सोमवारची रजा फोनवरून सांगितली. अप्पा दिवसभर खुशीत होते. दुपारी जेवताना म्हणाले, "आज अंबट छान झालंय." डाळीचं ते आंबट कालवण मी दर रविवारी करते आणि दर रविवारी त्यांना त्यात काहीतरी कमी वाटतं. मी पुढचा घास ताटातच ठेवला. संध्याकाळी लघवी फिकट गुलाबी झाली. प्रत्येक वेळी मी दाराबाहेर उभी राहून रंग विचारत होते आणि ते आतून सांगत होते, निकाल वाचून दाखवावा तसे. मधल्या वेळात मी दूध काढायला, पाणी काढायला, काही न काढायलाही फ्रिज उघडत होते. आत काय आहे ते मला दिसतच नव्हतं.

सोमवारी रंग गेला. पाण्यासारखं, म्हणाले. निवडुंग संपलं होतं, आता राहिलं ते घुशीचं. आणि त्याच सकाळपासून अप्पा मिटले. कॉफी अर्धी ठेवली. पेपर उघडला नाही. मी विचारलं, थकवा वाटतोय का, डोकं दुखतंय का, तर नुसते माझ्याकडे पाहत राहिले. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं मला आठवायला लागलं: अशक्तपणा, फिकटपणा. टॉर्च घेऊन मी त्यांना तोंड उघडायला लावलं. हिरड्या होत्या तशाच होत्या. मला आधी त्या कशा होत्या हे तरी कुठे माहीत होतं? घरात इतकी वर्षं एकत्र राहून मी त्यांच्या तोंडात कधी पाहिलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला बेसिनपाशी ते उभे दिसले, गालाला फेस, हातात कुठूनसं शोधून काढलेलं जुनं ब्लेड. मी ओरडले. ओरडल्यामुळे त्यांचा हात हलला. हनुवटीवर बारीक लाल रेघ उमटली आणि तिचा थेंब झाला.

मी टॉवेल दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत राहिले. एक फेरी. दोन. टॉवेल काढला, पुन्हा थेंब आला, पुन्हा दाबला. तिसऱ्या फेरीला टॉवेल काढला तेव्हा थेंब आला नाही. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

"इतकं काय?" अप्पा म्हणाले. "दाढी करताना कापतं माणसाला."

दुपारी ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसले. आता सांगायचं, असं ठरवूनच बसले. कुंडीखालून माती ताजी उकरलेली दिसत होती. घूस जिवंत होती, मजेत होती, आणि तिने रात्रीतून आणखी एक फळ खाल्लं होतं. मला तिचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"फरक सांग," अप्पा अचानक म्हणाले.

"कसला?"

"कळ्ळी आणि पेरुचाळी."

"एक झाड, एक जनावर."

"हे लहान पोरांचं उत्तर झालं." ते कुंड्यांकडे पाहत बोलत होते, माझ्याकडे नाही. "कळ्ळी बाहेरची. कोणी जहाजातून आणलं मणून आली. आपणही बाहेरचे, मराठी मुलखातून घोड्यांवर बसून आलों. पेरुचाळी इथलीच. तिच्या बिळावर आपण फ्लॅट बांधलों. आणि एक. कळ्ळीचा काटा वरून दिसतो. माणूस जपून हात घालतो. पेरुचाळी चावेपर्यंत दात दिसत नाहीत."

"आणि साम्य?"

"राग आला की दोघींच्याही अंगावर उभं राहतं काहीतरी. पण कळ्ळीचं तसंच राहतं, जन्मभर. पेरुचाळीचे केस थोड्या वेळाने खाली बसतात. मज वाटलं होतं, तू पेरुचाळीसारखी आहेस मणून."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"नक्को." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "बोलायची गरज नाही. कळलं मज."

ते आत गेले. मी तिथेच बसून राहिले. काय कळलं? कठड्यावरचा चुरा दिसला? पाकीट सापडलं? माझ्याच बापाला कळलं, की मुलीने विष घातलं, आणि तो गप्प बसून दोन दिवस मोजतोय? रात्रीचं जेवण आम्ही एकमेकांकडे न पाहता जेवलो.

मंगळवारी सकाळी रंग विचारला. "पाण्यासारखा," आतून आवाज आला. रिक्षात ते एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला. रक्त दिलं. निकालाला तास लागणार होता. त्या तासात समोरून किती माणसं गेली, कोण होती, मला आठवत नाही. अप्पांची दंडावर दुमडलेली बाही आणि सुई टोचलेल्या जागी लावलेला कापसाचा बोळा तेवढा आठवतो. बोळा पांढरा राहतो का, ते मी पाहत होते.

डॉक्टर बाई कागद घेऊन आल्या. सगळं ठीक आहे, म्हणाल्या. रक्त व्यवस्थित गोठतंय. पोटात फार थोडं गेलं असणार. मग माझ्याकडे पाहून त्यांनी भुवई उंचावली. मी मान खाली घातली. "मी पुढचा पेशंट पाहून येते," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला बाकावर सोडून गेल्या.

मी सांगितलं. बाकाची लोखंडी कड धरून, एका दमात, जमिनीकडे पाहत. फळ घुशीसाठी होतं. चीर मी दिली. काटा मी काढला. विष मी भरलं. तुम्हाला सांगितलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. मी वाट पाहत राहिले, की ते रागावतील. मला ते हवंच होतं.

मी वर पाहिलं. अप्पांचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला होता. दोन दिवस मी ज्याची भीती बाळगली होती तसा.

"दुसरं अर्धं," ते म्हणाले. "तू खाल्लीस की काय?"

"कुठलं अर्धं?"

"तुझ्या डब्यात. फ्रिजमध्ये, दह्यामागे. कठड्यावर काटा काढलेलं फळ, ते कोणी ठेवलं? तुझ्याशिवाय घरात कोण आहे? तुझी आई अशी काटा काढून ठेवायची. मज वाटलं, तुझा राग गेला. अर्धं मी खाल्लों, अर्धं तुज ठेवलों. वरचं, मोठं अर्धं. तू सारखी फ्रिज उघडत होतीस आणि खात नव्हतीस. मज वाटलं, नाही गेला."

वरचं अर्धं. चुरा मी वरच्याच टोकाला भरला होता.

"नाही खाल्लं, अप्पा. डबा उघडलाच नाही मी."

"खरं सांग."

"खरंच नाही."

"तू खरं सांगत नाहीस मणून आत्ताच तर सांगितलीस!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. त्यांनी माझं मनगट पकडलं. या वयात त्यांच्या हातात एवढी ताकद आहे, हे मला माहीत नव्हतं. ते उठले आणि मला ओढत रक्त घेण्याच्या खिडकीपाशी घेऊन गेले. तिथल्या मुलीला त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, की माझ्या मुलीचंही तपासा, आत्ता, आणि परवा पुन्हा. ती म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. ते म्हणाले, मी इथेच उभा राहतो. आणि उभे राहिले, मनगट न सोडता, चष्म्याआडून डोळे पुसत.

मी एक बीसुद्धा खाल्लं नव्हतं. मी बाही वर केली आणि हात खिडकीत ठेवला.